आपले पती सुखरूप आहेत

तुम्ही खोटं बोललात. एक्याण्णवच्या जानेवारीत, आखातात लढाई पेटली तेव्हा, तुम्ही इंदूरच्या परदेशीपुऱ्यातल्या एका बाईला सरकारी तार पाठवलीत की आपले पती सुखरूप आहेत. आणि तिचे पती त्या घटकेला तिच्या दारापासून सात मिनिटांवर, कापडमिलच्या साळखात्यात, कानात कापूस कोंबून चार मागांच्या मध्ये उभे होते. तुम्ही पासपोर्ट बघितलात, माणूस बघितला नाहीत. त्यानंतर ती मिल बंद पडली, तेव्हा कुठल्या बाईला तुमची तार आली नाही. आणि आता दोन वर्षांनी हवालदार पाठवून विचारताय, पंढरीनाथ शेवाळे म्हणून कोणी आहे का? शरम करा.

एवढं सगळं पंढरीनाथ शेवाळे मनातल्या मनात सरकारला बोलला. तोंडानं त्याला काही बोलता आलं नाही, कारण अर्धा गाल झाला होता आणि अर्ध्याला साबण होता. सकाळचे साडेसात वाजले होते. दारात हवालदार उभा, सायकल भिंतीला टेकवलेली, हातात खाकी पाकीट. 'पंढरीनाथ गणपत शेवाळे' असं त्यानं कागदावरून वाचलं आणि हेच घर का म्हणून विचारलं. पंढरीनाथ 'हाँ, मैं ही' म्हणायला तोंड उघडतो न उघडतो तोच उषा आतून आली. ती कामाला निघायच्या बेतात होती. पदराला लावायची पिन दातांत धरलेली होती. ती तिनं काढली, हातात घेतली आणि हवालदाराकडे सरळ बघत म्हणाली, "हमारे वो तो बाहर हैं. चार साल होने आए."

हवालदारानं पंढरीनाथकडे, मग त्याच्या साबणाकडे बघितलं. "और आप?"

"पड़ोसी हैं," उषाच म्हणाली. "मारुती भिया."

"पड़ोसी यहाँ दाढ़ी बनाते हैं?"

"उनके यहाँ शीशा टूट गया," उषा म्हणाली, आणि पिन पदराला लावली.

हवालदार हसला नाही. त्यानं कागद उलटा केला आणि काम सांगितलं. तिकडे आखातात पंढरीनाथ शेवाळे नावाचा माणूस भारतीय वकिलातीच्या दारात येऊन बसला आहे. मालकानं कारखान्याला कुलूप लावलं, कामगारांचे पासपोर्ट स्वतःकडे ठेवले आणि त्यांना रस्त्यावर काढलं. वकिलात त्याला परतीचा कागद करून देईल, विमानात बसवील. पण हा माणूस खरंच इंदूरचा, खरंच तोच, असं इथून लेखी गेल्याशिवाय काही होत नाही. घरच्यांचं एक बयान हवं आणि शेजाऱ्याचं एक. घरच्यांचं त्यानं तिथंच, उंबऱ्यावर उभ्यानं लिहून घेतलं. उषानं सही केली: उषा पंढरीनाथ शेवाळे, पत्नी. शेजाऱ्यानं संध्याकाळी पाचच्या आत ठाण्यावर यायचं. वेळेत आला नाही तर कागद तसाच परत जाईल, मग तो माणूस तिकडच्या कोठडीत किती दिवस राहील ते तो आणि त्याचं नशीब. "आप ही आ जाना, मारुती भिया," सायकलवर बसताना हवालदार म्हणाला. "दाढ़ी पूरी करके."

साबण वाळून गाल ओढू लागला होता. उषा चपला घालत होती. मी दुसरं काय बोलायला हवं होतं, एवढं तिनं विचारलं, उत्तराची वाट न बघता डबा पिशवीत टाकला आणि टेंपो पकडायला गेली. जाताना ती शेजारच्या दाराशी, मारुतीच्या बायकोपाशी, मिनिटभर थांबलेली त्याला दिसली. आपल्या बायकोनं आपल्याच तोंडावर आपला नवरा बाहेर आहे म्हणून सांगावं, तेही न अडखळता. चार वर्षं ती या वाक्याची तयारी करून होती की काय? पंढरीनाथ पुन्हा आरशासमोर उभा राहिला. आरसा शाबूत होता.

एकाच्या नावावर दुसऱ्यानं कामाला जाणं, ज्यांना मिल ठाऊक नाही त्यांना हे लबाडीचं वाटेल. मिलमध्ये ती लबाडी नव्हती, रीत होती. रोज पहाटे गेटवर बदलीवाले उभे राहायचे. कायम कामगार कोणी आला नाही की त्याचा बिल्ला घेऊन बदलीवाला आत जायचा आणि हजेरीत नाव लागायचं ते बिल्ल्याच्या धन्याचं. मारुती काळोखे हा देपालपूरहून आलेला पोरगा नऊ वर्षं असा पंढरीनाथच्या बिल्ल्यावर अधूनमधून आत गेला होता. त्या दिवशी खात्याचा मुकादम, जॉबर, 'ओ शेवाळे' म्हणून ओरडला की मारुती वळून बघायचा. मारुतीचं स्वतःचं नाव मिलच्या एकाही कागदावर नव्हतं, आणि त्याचं कोणाला काही वाटत नसे. पंढरीनाथच्या घरी लग्न, पंढरीनाथला ताप, पंढरीनाथचा बाप वारला: मागांवर मारुती. आडवं सूत नेणाऱ्या धोट्यात नवी कांडी घातली की सुताचं टोक धोट्याच्या भोकातून तोंडानं ओढून काढावं लागतं. पंढरीनाथनं आठ तास ज्या धोट्याला तोंड लावलं त्यालाच दुसऱ्या दिवशी मारुती तोंड लावायचा. खळीची आंबूस चव दोघांच्या जिभेवर एकच. तेव्हा त्याला त्याचं काही वाटलं नव्हतं. आता वाटतं. आता दात घासताना कधी मध्येच ती चव येते आणि तो दोनदोनदा चूळ भरतो.

एकोणनव्वद साली एक एजंट स्टेशनजवळच्या लॉजमध्ये उतरला होता. तिकडे कापडाचा कारखाना, तीन वर्षांचा करार, कसलेला विणकर पाहिजे. त्यानं टेबलावर तुटलेलं सूत ठेवलं आणि गाठ मारायला सांगितली. पंढरीनाथनं डोळे मिटून मारली. एजंटनं यादीत पहिलं नाव लिहिलं ते शेवाळे. महिन्याभरात तिकडून शेवाळेच्या नावाचा व्हिसा आला आणि पंढरीनाथ मागे सरला. विमान, वाळू, अरबी, आणि पक्की नोकरी सोडायची? मिल कुठे जाते आहे? ती बापाच्या आधीपासून होती, पोरांच्या नंतरही राहणार. पाळी सुटताना त्यानं मारुतीला गेटवर गाठलं आणि आजवर पन्नासदा म्हटलेलं वाक्य पुन्हा म्हटलं, की माझ्या जागी तू जा. मारुतीनंही पन्नासदा विचारलेलं तेच विचारलं, किती दिवस? पंढरीनाथ म्हणाला, तीन वर्षं. दोघं हसले. दुसऱ्याच्या नावानं काम करायला जाणं म्हणजे बदली, एवढंच त्यांना ठाऊक होतं. समुद्रापलीकडे बदली चालत नाही हे त्यांना सांगायला कोणी आलं नाही. रेशनकार्ड शेवाळेचं, मिलचा दाखला शेवाळेचा, फोटो मारुतीचा. चौकशीला पोलीस आला तेव्हा मारुती पंढरीनाथ म्हणून उभा राहिला आणि पंढरीनाथनं शेजारी मारुती काळोखे म्हणून साक्षीची सही ठोकली. गल्लीतल्या एकालाही त्यात वावगं वाटलं नाही. पोलिसाला पोहे दिले.

तेव्हापासून तिकडे एक पंढरीनाथ शेवाळे राहू लागला. वकिलातीत नाव नोंदवावं लागतं, ते त्यानं नोंदवलं. त्या फॉर्मवर लग्न झालेलं असल्यास बायकोचं नाव लिहावं लागतं, ते त्यानं शेवाळेच्या बायकोचं लिहिलं. दुसरं कुठलं लिहिणार? आणि मग ती तार. पहिली पाळी करून, डोक्यात कापसाचे तंतू घेऊन पंढरीनाथ घरी आला तर उषा दारात उभी, हातात तार, आणि डोळ्यांतून पाणी. आपले पती सुखरूप आहेत. शेजारची शशिकला, मारुतीची बायको, तिच्या खांद्याला धरून रडत होती ते समजण्यासारखं होतं, तिचा नवरा होता. उषा कोणासाठी रडत होती? त्यानं विचारलं तेव्हा ती म्हणाली, अहो, आनंदानं. कसल्या आनंदानं? तिचे पती तर समोर उभे होते, भुकेले. त्यानं तंतू झटकले, हात धुतले, ताटावर बसला. तिनं वाढलं. पण त्या दिवशी तिनं त्याच्याकडे ज्या नजरेनं बघितलं तीत एक तपासणी होती, तारेतला माणूस आणि हा यांतला कुठला घ्यावा अशी. निदान त्याला तसं वाटलं. दोन वर्षं झाली, अजून वाटतं.

तारेच्या मागोमाग वकिलातीचं पत्रकही आलं होतं, कुटुंबीयांच्या माहितीसाठी. ते उषानं ट्रंकेत जपून ठेवलंय. पंढरीनाथला ते पाठ आहे. पासपोर्टची प्रत वेगळ्या जागी ठेवा. चार दिवसांचं पाणी साठवा. गरजेच्या वस्तूंची एक पिशवी दाराजवळ भरून ठेवा. अफवांवर विश्वास ठेवू नका. एकटे बाहेर जाऊ नका. काही अडचण आल्यास रात्री-अपरात्री या क्रमांकावर फोन करा, अधिकारी हजर असेल. अधिकारी हजर असेल! किती लाडानं लिहिलंय. शाळेच्या सहलीला निघालेल्या पोराला आई सांगते तसं. आणि इथं, त्याच वर्षाच्या शेवटी, सकाळच्या पाळीला हजारो माणसं गेटवर गेली तर गेटला साखळी आणि साखळीला एक टाइप केलेला कागद, अडीच ओळींचा. पिशवी भरून ठेवा म्हणून कोणी सांगितलं होतं? कुठल्या क्रमांकावर फोन करायचा होता? अफवांवर विश्वास ठेवू नका हे एक वाक्य जरी महिनाभर आधी कोणी सांगितलं असतं तरी, ती अफवा खरी असली तरी, बरं वाटलं असतं. देश सोडून गेला त्याची देशाला काळजी. जो गेला नाही तो कुठे जातोय, इथंच पडलाय, बघू. आणि ज्या नावाची तिकडे काळजी झाली ते नाव तरी कोणाचं? ते आपलं. आपण बारशाला मिळवलेलं, बावीस वर्षं मागावर झिजवलेलं. लाड त्या नावाचे होतात आणि पोचतात दुसऱ्याला. मारुतीनं एकदा हिरव्या टोपणाच्या बामच्या चार बाटल्या पाठवल्या, दोन शशिकलेला, दोन 'वहिनींना'. उषा तो बाम कपाळाला लावून निजते. बाटली एव्हाना संपायला हवी होती. ती संपत नाही.

दाढी पुरी करून तो मिलच्या गेटवर गेला. दुसरं जाणार कुठे, पाय तिकडेच वळतात. भिंतीवर कोचिंग क्लासच्या जाहिराती रंगवल्या होत्या आणि गेटशेजारच्या फळ्यावर ती यादी अजून चिकटवलेली होती: मिल बंद झाली त्या दिवशी जे कामावर होते त्यांची. थकलेल्या पैशांसाठी कोर्टात केस होती. या यादीत जो आहे तो मिलचा कामगार, जो नाही तो कोणी नाही. साळखाता, चौथं पान, वरून सातवं नाव. त्यानं रोजच्यासारखं त्यावर बोट ठेवलं. लिंबाखाली युनियनचे जुने कारकून अप्पासाहेब टेबल मांडून बसले होते; सगळ्यांचे अर्ज तेच लिहायचे. त्यांना त्यानं आडून विचारलं, एखादा माणूस मिल बंद व्हायच्या आधीच परदेशी गेला असा पोलिसांचा कागद निघाला तर? अप्पासाहेबांनी चष्म्यावरून बघितलं. गल्लीतली ही बदली त्यांना ठाऊक नव्हती असं नाही. "सरकारी कागदावर एकदा 'बाहेर गया' आलं की तो गेला, पंढरी. मग तू इथं माझ्यासमोर गाणं म्हटलंस तरी नाही सापडणार. मिलचा वकील बसलाच आहे असलं हुडकत," ते म्हणाले, आणि पुढच्याचा अर्ज ओढला.

म्हणजे हिशेब सरळ होता. ठाण्यावर जाऊन शेवाळे बाहेर आहे म्हणायचं, तर तिकडचा सुटेल आणि इथला यादीतून जाईल. शेवाळे मीच म्हणायचं, तर आपलं नाव आपल्याला परत मिळेल, आणि तिकडे जो बसला आहे तो खोट्या पासपोर्टावरचा चोर ठरेल. पंढरीनाथला कोणी भीड घालायची गरज नव्हती. तो पलासियाला जाणाऱ्या टेंपोत बसला तेव्हा त्याचं ठरलेलं होतं. नाव परत घ्यायचं. उषाला तसं सांगायचं आणि ठाण्यावर जायचं. टेंपोत त्याच्या गुडघ्याला गुडघा लावून बसलेला एक तरुण कॉम्प्युटरच्या क्लासबद्दल दुसऱ्याला सांगत होता, सहा महिने करो भिया, फिर सीधे बाहर. बाहेर. ज्याच्या त्याच्या तोंडी तो एकच शब्द. सगळं शहर दाराजवळ पिशवी भरून बसलं होतं.

उषा पलासियाच्या ज्या कोचिंग क्लासमध्ये फॉर्म भरून घ्यायचं काम करते त्याला काचेचं दार आहे. पंढरीनाथ आजवर तिथं आला नव्हता. तिनं कधी बोलावलं नव्हतं आणि त्यानं कधी का म्हणून विचारलं नव्हतं. बाहेर बँका, दवाखाने, पिवळ्या पाटीचे फोनवाले, रस्ता ओलांडायला पाच मिनिटं. तो पायरीशी थांबला. आत उषा खुर्चीवर बसली होती, वर पंखा, समोर टेबल. घरी ती अशी बसत नाही. शेजारच्या टेबलावरच्या मुलीनं तिला पेढा दिला आणि काहीतरी विचारलं. काचेतून ऐकू येणं शक्य नव्हतं, पण विणकराला आवाज लागत नाही. दोनशे मागांच्या गदारोळात बावीस वर्षं तो लोकांच्या ओठांवरच बोलणं वाचत आला होता. उषा हसली, पदर सारखा केला आणि तिच्या ओठांनी स्वच्छ सांगितलं: मेरे हस्बैंड आ रहे हैं. बाहर से. मुलीनं काहीतरी विचारलं, कधी असं असावं. उषानं हाताची बोटं हलवली, बघू, कागद झाले की. आणि मग तिनं पेढ्याचा तुकडा तोंडात टाकला.

तो आत गेला नाही. पायरीवरून खाली उतरला आणि फोनवाल्याच्या सावलीत उभा राहिला. त्याच्या अंगातून काहीतरी तापलेलं, बारीक, सुतासारखं ओढलं जात होतं, आणि ते संपत नव्हतं. किती दिवस सांगते आहे ही? पहिल्या दिवसापासून? त्यानं तिची बाजू मांडून बघितली, तो काही मूर्ख नव्हता. मिल बंद पडलेल्या कामगाराच्या बायकोला लोक काम देतात ते दयेनं, आणि मग पाणी भरायलाही सांगतात. नवरा बाहेर असलेल्या बाईला खुर्ची मिळते. खुर्चीसाठी बोलली असेल. पण ते हसू खुर्चीसाठी नव्हतं. हसू फॉर्मवर भरायला लागत नाही. सकाळी दारात हवालदाराला तिनं जे सांगितलं ते मारुतीला सोडवण्यासाठी नव्हतंच मुळी, तिची ती रोजची सवय होती. रोज दहा ते पाच तिचा एक नवरा होता जो विमानानं येणार होता, ज्याच्यासाठी अधिकारी रात्री-अपरात्री हजर होते, आणि साडेपाचनंतर एक जो घरी असतो. पहिला नवरा मारुती नव्हता. तेच तर वाईट. मारुती असता तर त्याची मान धरता आली असती. तो पहिला नवरा पंढरीनाथच होता, गाठ मारून यादीत पहिला आलेला, जो त्या दिवशी विमानात बसला. त्याची मान कशी धरायची?

घरी आला तेव्हा ऊन भिंतीवर चढलं होतं. शशिकला त्याच्याच दाराच्या पायरीवर बसलेली. चार वर्षांत तिनं त्याच्यापुढे डोक्यावरचा पदर पडू दिला नव्हता की आवाज चढवला नव्हता. आजही चढवला नाही. तिनं विचारलं, भाऊजी, तुम्ही ठाण्यावर जाऊन पंढरीनाथ मीच म्हणून सांगणार ना? त्यानं कुलूप काढायला किल्ली काढली आणि काढून तशीच हातात धरली.

"सांगा. खरंच आहे ते," शशिकला म्हणाली. "पण मग तिकडे जे बसलेत ते कोण, हेबी सांगा त्यांना. मारुती काळोखे तर इथून कधी गेलाच नाही. जो गेलाच नाही त्याला सरकार वापस कसं आणणार?"

तिनं पायरीवरची धूळ बोटानं पुसली.

"तुम्हाला जळजळ होते ते दिसतं मला. मला नसेल होत? माझ्या नवऱ्याची घरवाली म्हणून सरकारात उषावहिनींचं नाव आहे. तार आली ती त्यांना. मी याच दाराशी उभी राहून विचारायची, वहिनी, माझे कसे आहेत हो? चार वर्षं विचारतेय. आज सकाळी पण सही त्यांचीच झाली. मी आतून बघत होते." ती उठली. "मी कधी म्हटलं का, की ती बायको मी आहे?"

ती तिच्या घरात गेली. दार तिनं लावलं नाही. आतून त्या बामचा वास आला. तीच हिरव्या टोपणाची बाटली, अजून न संपलेली.

ठाण्यावर तो साडेचारला पोचला. हवालदारानं त्याला बाकावर बसवलं, मग टेबलाजवळ बोलावून पाकीट उघडलं. वकिलातीनं काढलेला नवा फोटो त्यात होता. पंढरीनाथला तो बघायचा नव्हता आणि त्यानं झडप घातल्यासारखा तो बघितला. मारुती. दाढीचे खुंट पांढरे, गाल बसलेले, शर्टाचं वरचं बटण कोणाच्या तरी सांगण्यावरून लावलेलं. पहिल्यांदा त्याला बरं वाटलं. आपण याच्याहून चांगले दिसतो, आठ वर्षांनी मोठे असून. विमान, तार, पत्रक, सगळं भोगून हे असं दिसतं होय? मग त्यानं तोंड बघितलं. मारुतीनं ओठ किंचित पुढे काढून मिटले होते, धोट्याच्या भोकातून सूत ओढताना होतात तसे. घाबरला की तो असंच करायचा. पहिल्या दिवशी पंढरीनाथनंच त्याला शिकवलं होतं, फार जोरानं ओढू नको, तंतू छातीत जातो.

हवालदार ओळी भरत होता. नाव, बापाचं नाव, पत्ता. मग तो थांबला. "पहचान का निशान," त्यानं वाचलं, "बाईं भौंह पर चोट. फोटो में तो कुछ दिखता नहीं." त्यानं मान वर केली आणि पंढरीनाथच्या डाव्या भुवईकडे बघितलं. पंचाहत्तर साली मागावरून उडालेला धोटा तिथं लागला होता, सहा टाके. मिलच्या दाखल्यावरून ती खूण पासपोर्टात गेली होती आणि पासपोर्टातून इथवर आली होती. पंखा फिरत होता. बाहेर कोणीतरी कोणाला शिव्या देत होतं. हवालदारानं पेन खाली ठेवलं.

"मेरे पिताजी भी बदली में थे," तो हळू आवाजात म्हणाला. "मरने तक. बीस अलग नामों से हाजिरी लगी उनकी, अपने से एक दिन नहीं." त्यानं पेन पुन्हा उचललं. "तो बोलो भिया. क्या लिखूँ?"

पंढरीनाथला त्या क्षणी दया आली असं कोणी समजू नये. त्याला उषाचे काचेमागचे ओठ दिसत होते. हा माणूस तिकडेच राहिला, तर तो पहिला नवराही तिकडेच राहील, न थकणारा, कायम विमानात बसलेला. त्याला खाली उतरवलं पाहिजे. त्याला या गल्लीत आणून, पांढऱ्या खुंटांसकट, बसलेल्या गालांसकट, उषासमोर उभं केलं पाहिजे, की बघ, ही तुझी तार. ये मारुती. आण माझं नाव, कसंही असू दे. गेटवर माझ्याशेजारी उभा राहा, यादीत तूही नाहीस आणि मीही नाही. मग बघू कोण कोणावर जळतं. असं त्याच्या मनात होतं, आणि त्याच्याखाली आणखी काही होतं, त्या मिटलेल्या ओठांबद्दलचं, ते त्यानं वर येऊ दिलं नाही.

"लिखिए," तो म्हणाला. "पंढरीनाथ गणपत शेवाळे को मैं बीस साल से जानता हूँ. परदेशीपुरे का आदमी है. चार साल से बाहर है. फोटो उसी का है. निशान था, अब मिट गया होगा."

हवालदारानं लिहिलं. कागद फिरवला. पंढरीनाथनं मारुती काळोखे अशी सही केली. हाताला ती वळणं अजून ठाऊक होती. साळखाता, चौथं पान, वरून सातवं नाव एवढ्यात संपलं. मग त्यानं पेन परत दिलं नाही. खाली चार बोटं जागा होती. हवालदार म्हणाला, भिया, बयानमध्ये सवाल नसतो, ऊपर से वापस आएगा. येऊ दे वापस, तो म्हणाला, माणूस सुटल्यावर येऊ दे. आणि मराठीत, जुळवून जुळवून, ज्या कोणापर्यंत तो कागद जाणार होता त्याला उद्देशून त्यानं लिहायला घेतलं:

साहेब, पंढरीनाथ शेवाळे सुखरूप असल्याचं आपण दोन वर्षांपूर्वी तारेनं त्याच्या बायकोला कळवलंत, आणि आता त्याला घरी पोचवता आहात. त्याच घरात त्याचा एक शेजारी राहतो. त्याच आरशात दाढी करतो. तो कुठे बाहेर गेला नाही. त्याच्या मिलला कुलूप लागलं त्या दिवशी त्याला कोणी पाणी साठव म्हणालं नाही की फोनचा नंबर दिला नाही, आणि आज पाच वाजल्यापासून तो कुठल्याही यादीत नाही. तो सुखरूप आहे का, आणि असेल तर ते तुम्ही कोणाला कळवलंत? बाई साडेपाचनंतर घरी असते. तिच्या नावे, पत्ता वरचाच, लेखी उत्तर पाठवा.